आत्याचा न आलेला फोटो

आत्याचा उजवा डोळा गेला त्याला आता दोन वर्षं होतील. तिच्या डोळ्यांचा फोटो काढायला तिला मशीनपुढं बसवलं ते मीच, आणि फोटो काढून झाल्यावर तिला जे सांगितलं तेही मीच. घरात हे मी कुणाला धड सांगितलेलं नाही. वडिलांना अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आत्याला आणि मला.

तेव्हा मी एका संस्थेच्या प्रकल्पात नोकरीला होते. डोळे तपासण्याची पदविका घेऊन मी काही वर्षं आमच्याच शहरात, शुक्रवार पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात नंबर काढत बसले होते. त्यामुळं ही नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. काम असं होतं. शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा. तो फोटो लॅपटॉपमधली कृत्रिम बुद्धिमत्ता तपासायची आणि अर्ध्या मिनिटात सांगायची, पडदा चांगला आहे की शुगरनं खराब व्हायला लागलाय. डॉक्टर लागत नव्हता. डोळ्यात थेंब घालून तासभर बसवून ठेवावं लागत नव्हतं. गावात डोळ्यांचा डॉक्टर येत नाही, पण मशीन येऊ शकतं, असं आमचे साहेब प्रत्येक भाषणात म्हणायचे. मला ते पटायचं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं, आणि म्हणून जास्त चीड येते.

कारण मशीन वाईट नव्हतं. कुंभारी गावातल्या आमच्या शिबिराला विडी वळणारी एक बाई आली होती, चाळिशीचीसुद्धा नसेल. तिला कसलाही त्रास नव्हता, शेजारणीबरोबर गंमत म्हणून आलेली. मशीननं तिच्या दोन्ही डोळ्यांना तांबडं, म्हणजे आजार दाखवला. तिला शहरात पाठवलं, लेझर झालं, डोळे वाचले. ती नंतर शिबिरात येऊन माझ्या हातावर खडीसाखर ठेवून गेली. असं काही घडलं की आठवडाभर मला माझाच अभिमान वाटायचा.

लॅपटॉपवर तीन रंग यायचे. चांगलं असेल तर हिरवा. आजार असेल तर तांबडा. आणि फोटोच नीट आला नाही, बाहुली बारीक असली, मोतीबिंदू असला, माणूस हलला, तर करडा. करड्याखाली लिहून यायचं, 'फोटो अपुरा'. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं की करडा आला तर त्या माणसालाही डॉक्टरकडं पाठवायचंच, कारण आत काय आहे ते आपल्याला कळलेलंच नाही. पहिले काही महिने आम्ही तसं केलं. मग एका सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "शहरात आपल्याला तपासणीच्या जागा मोजक्या मिळतात. तांबडी माणसं आधी पोचू द्या. करड्यांना पुढच्या शिबिराला बोलवा." त्यात पुण्याच्या ऑफिसात प्रत्येक ऑपरेटरच्या नावापुढं त्याचे करडे फोटो दिसायचे. फार झाले की फोन यायचा, मॅडम, हात बसला नाही का अजून? त्यामुळं करड्यांबद्दल आम्ही आपसातही हळू आवाजात बोलायला लागलो. 'आलं नाही' एवढंच म्हणायचो. हिरवं आलं, तांबडं आलं, आलं नाही.

आता आत्याबद्दल. ती वडिलांची थोरली बहीण. वळसंगला राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, मी शाळेत असतानाच गेले. मुलगा पुण्याला कंपनीत. चार एकर कोरडवाहू ती एकटीनं बघायची, आणि उन्हाळ्यात वाकळा शिवायची. जुनी लुगडी एकावर एक घालून बारीक टाक्यांनी शिवलेली तिची वाकळ आमच्या नात्यात प्रत्येक घरी आहे. टाका इतका सरळ, की माझी आई म्हणायची, वन्सं पट्टी लावून शिवतात. तिला शुगर निघून दहा-बारा वर्षं झाली होती. गोळी घ्यायची, विसरायची, परत घ्यायची.

थंडीत वळसंगला शिबिर लागलं. समाजमंदिरात आम्ही खिडक्यांना काळं कापड लावून अंधार केला होता, म्हणजे बाहुल्या आपोआप मोठ्या होतात. बाहेर बॅनर, 'कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे मोफत नेत्रतपासणी'. आत्या पहाटेच आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून रांगेत पहिली उभी. भाची मशीन घेऊन आलीय हे तिनं आख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. माझ्याआधी तिनंच रांग लावली, "ये, नीट हुबारा की. पोरगी दमती माझी."

तिला मी स्टुलावर बसवलं. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. म्हटलं, "आत्या, हिरव्या ठिपक्याकडं बघ. पापणी मिटू नको."

"कुटं हाय ठिपका?"

"सरळ समोर."

"हां. दिसला की."

लख्खकन उजेड झाला. करडा. पुन्हा काढला. करडा. तिच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या, काही केल्या मोठ्या होईनात. मी तिला पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लावलं आणि तिसऱ्यांदा काढला. दोन्ही डोळ्यांना करडाच. मागं पन्नासेक माणसं होती. शेतावर जायची घाई सगळ्यांना. जनरेटरचं डिझेल दुपारपर्यंतच पुरेल असं सकाळीच कळलेलं. आणि त्या आठवड्यात माझे करडे आधीच जास्त झालेले.

ती उठता उठता म्हणाली, "काय आलं गं?"

मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "काही आलं नाही आत्या. पुढच्या वेळी परत बघू."

तिचा चेहरा फुलला. हे मला आठवतं, कारण तेवढ्यापुरती मी मान वर केली होती. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दारात तिची शेजारीण उभी होती. ती घरात कानडी बोलते, आत्याही तिच्याशी कानडीतच बोलते. शेजारणीनं विचारलं, "एन बंतु?" काय आलं? आत्या मोठ्यानं म्हणाली, "एनू इल्ल!" काहीच नाही. आणि दोघी हसत बाहेर गेल्या.

मला कानडी बोलता येत नाही, पण एवढं कळतं. मी ते ऐकलं. आत्यानं माझ्या शब्दांचा काय अर्थ घेतला हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. दारापर्यंत चार पावलं होती. मी पुढच्या माणसाला म्हणाले, "या काका, बसा."

उन्हाळ्यात वळसंगला दुसरं शिबिर झालं. तेव्हा माझी ड्यूटी मंगळवेढ्याकडं होती. वळसंगला जाणाऱ्या आमच्यातल्या मुलीला मी सांगितलंही होतं, माझी आत्या येईल, तिचा फोटो नीट घे. आत्या गेलीच नाही. का जाईल? तिला काही निघालं नव्हतं.

नागपंचमीला ती आमच्याकडं आली. येताना नेहमीप्रमाणं शेंगाची चटणी आणि यंदाची नवी वाकळ घेऊन आली. आईनं वाकळ उलगडली. टाके वाकडे पडले होते. एका कोपऱ्यात तर दोरा दोनदा एकाच भोकातून गेलेला. मी मनात म्हटलं, वय झालं. दुपारी आत्या ताटातली कोशिंबीर चाचपडत होती. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "जाळी आल्यागत हुतंय. कोळ्याचं जाळं असतंय की, तसं. हिकडून तिकडं हलतंय. उजव्यानं तर सगळा धूरच दिसतोय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं की तीन-चार म्हैनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बघितलंस की मशीनमधी. म्हटलं मोतीबिंदू आसंल. सुगी झाल्यावर काढू."



दुसऱ्या दिवशी तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. थेंब घातले, तास गेला. डॉक्टर बाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी उजवा डोळा बघितला, मग डावा, मग परत उजवा, आणि दिवा बाजूला करून म्हणाल्या, "मावशी, शुगर किती वर्षांची?" मग माझ्याकडं वळून सांगितलं. उजव्या डोळ्यात रक्त साचलंय, जुनं आहे, पडदा ओढला जाऊन सुटलाय. ऑपरेशन करू, पण आशा फारशी धरू नका. डाव्यातही आजार पुढं गेलाय, त्याला ताबडतोब लेझर. मग त्यांनी जे विचारलं ते त्या कुठल्याही पेशंटला विचारत असतील.

"आधी कधी पडदा तपासला नव्हता का?"

आत्या म्हणाली, "तपासला की! ही माझी भाची, हिनंच तपासला. मशीन हाय हिच्याकडं. तवा काय सुदिक न्हवतं आलं."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी गळ्यात संस्थेचं ओळखपत्र घालून उभी होते, सुट्टी न घेता मधूनच आले होते म्हणून. मी म्हणायला हवं होतं की फोटोच आला नव्हता. मी म्हणाले, "लेझर आजच होईल का?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांनी काय समज करून घेतला असेल ते मला माहीत आहे. मशीन चुकलं असंच त्यांना वाटलं असणार. आणि मी ते वाटू दिलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यातून पुढं उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायला लागला. डाव्याच्या लेझरसाठी तिला चार वेळा जायचं होतं, म्हणून ती आमच्याकडंच राहिली. एका दुपारी आई बाजारात गेली होती. आत्या स्वयंपाकघरात बसून शेंगा फोडत होती, बोटांनीच, मान दुसरीकडं करून. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आत्या, त्या दिवशी मशीनला तुझा पडदा दिसलाच नव्हता."

"म्हंजी?"

"फोटोच उमटला नव्हता. मी 'काही आलं नाही' म्हणाले ते त्याबद्दल. आजार नाही असं त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला कळलंच नव्हतं."

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "मी दारात काय बोलले ते ऐकलंस न्हवं तू?"

"ऐकलं."

"आन् गप बसलीस."

"मागं रांग होती."

"व्हय," ती म्हणाली. "रांग हुती. मीच लावली हुती की."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. लहानपणी मी रडले की सगळ्यात आधी तिचा हात यायचा. या वेळी ती शेंगांचं सूप मांडीवर घेऊन तशीच बसली. मग तिनं विचारलं, "मला येकलीलाच आसं सांगितलंस, का समद्यास्नी?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती. मी म्हणाले, "सगळ्यांनाच."

"लई हायती?"

"बरेच."

"त्येंला कोन सांगनार मग?" आणि तिचा आवाज चढला. "हितं बसून रडतीस काय? ऊठ की!"

ऑफिसात मी करड्या माणसांची यादी मागितली. साहेब म्हणाले, पेशंटची माहिती अशी बाहेर देता येत नाही, नियम आहे. नियम होता हे खरं. पण ज्या माहितीचं ते काही करणार नव्हते तिला त्यांनी कुलूप मात्र चोख लावलं होतं. माझ्याकडं माझ्या शिबिरांच्या वह्या होत्या. त्यात नावापुढं मी स्वतःसाठी खुणा करायची. त्यातून अडीच पानं नावं निघाली. सुट्टीच्या दिवशी स्कूटीवरून मी गावं फिरायला लागले.

कुणी सुखासुखी ऐकून घेतलं नाही. कुंभारीत एकानं दार लावून घेतलं. एका बाईनं विचारलं, तेव्हा बरं होतं म्हणालीस, आता आजार आहे म्हणतेस, नेमकं काय ते ठरव की. मी म्हटलं, आता पण आहे की नाही ते माहीत नाही, म्हणूनच दाखवा. तिला वाटलं मी कुठल्या तरी दवाखान्याची दलाल आहे. एका घरी गेले तर म्हातारा गेलेला होता, डोळ्यांनी नव्हे, हृदयानं. त्याच्या सुनेनं मला चहा दिला आणि म्हणाली, शेवटी शेवटी त्यांना ताटसुद्धा दिसत नव्हतं, पण तुमच्याकडं तपासलेलं असल्यामुळं आम्ही म्हटलं ढोंग करतात. तो चहा मी कसा प्याले मला माहीत नाही. मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाला तर रस्त्यातच गाठलं, मेंढरं पुढं निघालेली आणि तो वळून वळून त्यांच्याकडं बघतोय. त्याला मी पाऊण तास बोलून तयार केलं. त्याच्या डोळ्यात आजार सापडला, वेळेत सापडला. अडीच पानांत असा एवढा एकच, ज्याच्याबद्दल मी खात्रीनं सांगू शकते. बाकीच्यांतले किती डॉक्टरकडं गेले आणि किती नाही, कुणी मला कळवलं नाही, आणि का कळवावं?

वर्षाच्या शेवटी शहरातल्या एका हॉटेलात प्रकल्पाचा आढावा झाला. पुण्याहून मोठी मंडळी आली होती. मशीन किती अचूक आहे याचे रंगीत तक्ते भिंतीवर दिसत होते. मी हात वर केला आणि विचारलं, यात करडे फोटो कुठं आहेत? पुण्याहून आलेल्या एका बाईंनी समजावलं, ज्या फोटोंवर निकालच लागला नाही ते अचूकतेच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे माझी आत्या बरोबर आलेल्यांतही नव्हती आणि चुकलेल्यांतही नव्हती. मी आत्याची हकीकत सांगितली, नाव न घेता, ती माझी आत्या आहे हेही न सांगता. मग साहेब म्हणाले, "मॅडम, वाईट झालं. पण एक लक्षात घ्या, यंत्र चुकलेलं नाही. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, मला दिसत नाही म्हणून."

ते बरोबर होतं. एवढं बरोबर वाक्य माझ्या तोंडावर कुणी मारलं नव्हतं. करड्यांना पुढच्या शिबिराला बोलवा असं कोण म्हणालं होतं, ते मी त्यांना त्या वेळी विचारलं नाही. त्यांनाही ते आठवलं नाही.

जाता जाता त्यांनी मलाच काम दिलं. करडा आल्यावर माणसाला काय सांगायचं ते सोप्या मराठीत लिहून द्या. मी लिहिलं, 'तुमच्या डोळ्याचा फोटो नीट आला नाही. आजार आहे की नाही ते कळलेलं नाही. पंधरा दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.' छापून आलं तेव्हा माणसाच्या हातात द्यायच्या चिठ्ठीवर जागा कमी पडल्यामुळं एकच ओळ उरली होती, 'कृपया पुढील तपासणीसाठी संपर्क साधावा.' कुणाशी, ते नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी राजीनामा दिला. त्यावर कुणी काही विचारलं नाही. वर्षभरात प्रकल्पच दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

मी परत चष्म्याच्या दुकानात बसते. पन्नाशी ओलांडलेलं कुणी आलं की शुगर आहे का ते विचारते आणि पडदा तपासून घ्या म्हणून मागं लागते. मालकांना ते आवडत नाही. गिऱ्हाईक घाबरतं म्हणतात.

आत्या वळसंगलाच राहते. डावा डोळा टिकलाय. वाकळ शिवणं बंद झालं. शेत वाट्यानं दिलंय. वडिलांना तिनं एवढंच सांगितलं की मशीनला नीट दिसलं नाही. माझं नाव तिनं त्यात आणलं नाही, आणि हे तिनं माझ्यासाठी केलं की त्यांच्यासाठी, मी विचारलेलं नाही. दर तीन महिन्यांनी ती तपासणीला शहरात येते, त्या शेजारणीला बरोबर घेऊन. सुरुवातीला मी म्हटलं, मी येते तुझ्यासोबत आत, मला त्यातलं कळतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ही हाय की."

तरी मी दुकानातून तासाभराची सुट्टी काढून जाते. डॉक्टर बाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असतं, त्यामुळं आतलं ऐकू येतं. तपासून झाल्यावर त्या म्हणतात, मावशी, डावा आहे तसाच आहे, चांगलंय. आणि आत्या दर वेळी विचारते, "तुमाला नीट दिसला न्हवं पडदा? समदा दिसला?" दिसला म्हटल्यावरच ती उठते. डॉक्टर बाई हसतात. त्यांना वाटतं म्हातारी गमतीशीर आहे.

मग दोघी बाहेर येतात, शेजारीण तिचा हात धरून. मी बाकावरून उठते. आत्या मला ओळखते, आवाजावरून नाही, डाव्या डोळ्यानं. विचारते, जेवलीस का. मी हो म्हणते. मग त्या बस गाठायला निघतात आणि मी दुकानात जाते.